अकरा इंच

प्रिय दादा,

तुझी चिठ्ठी काल वहिनीने आणून दिली. उजवा हात शाबूत असल्यामुळे अक्षर पूर्वीसारखंच आहे, म्हणजे वहिनीला अर्धंही लागलं नाही आणि शेवटी मलाच चष्मा लावून बसावं लागलं. सोमवारपासून तू वर्कशॉपमध्ये परत येणार, छान. लाकूड कोरायचा राउटर पुन्हा हातात धरणार, तेही छान. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारतो आहेस की तुझी ती गाइडं, फर्मे, कंपास वगैरे कसं लावायचं ते नीट लिहून दे. कागद हातात धरून मी थोडा वेळ हसले, खोटं कशाला सांगू. खाली आणखी दोन ओळी होत्या. एक, मिस्त्रीकाकांनी वर्कशॉपच्या पायरीवरसुद्धा पाऊल ठेवता कामा नये. दुसरी, तू राउटर चालवत असशील तेव्हा स्विचपाशी मी उभं राहावं, कारण तुझा भरवसा आता फक्त माझ्यावर आहे. या दोन ओळींचं मी काय करणार आहे ते नंतर सांगते. आधी तू मागितलंस ते घे.

बिट, म्हणजे राउटरचं ते फिरणारं पातं, बदलताना प्लग भिंतीतून काढून टाकायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. धक्का लागून बटण सुरू होऊ शकतं आणि तेव्हा तुझी बोटं नेमकी बिटावर असतात. तुझ्याकडे आता वाया घालवायला फार नाहीत. बिट कोलेटमध्ये, म्हणजे त्या पकडणाऱ्या तोंडात, पूर्ण आत सारायचं आणि मग नखाएवढं बाहेर ओढायचं. तळाला टेकलेलं बिट आवळल्यासारखं वाटतं पण चालताना ढिलं होतं. मग दोन पाने घ्यायचे. एकाने दांडा अडवून धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा. मिस्त्रीकाका नट आवळून झाला की बिट चिमटीत धरून हलवून बघायचे, आणि मगच खिशातलं फडकं काढून हात पुसायचे. तीस वर्षांत त्यांचा हा क्रम चुकलेला मी पाहिला नाही. त्या सकाळीही चुकला नव्हता. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, मग पुढे ये.

आता तुझा लाडका पांगुळगाडा. कडेच्या गाइडाला तू हेच नाव ठेवलं होतंस, आठवतं? मी राउटरला ते गाइड लावायला घेतलं की तू चारचौघांत म्हणायचास, "आली बघा मोजपट्टी, पांगुळगाडा घेऊन." सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण न हसले असते तर तू आणखी तासभर तेच चालवलं असतंस. तर ऐक. गाइडाच्या दोन सळ्या राउटरच्या बुडाच्या भोकांत सरकवायच्या, फळीच्या कडेपासून हवं तेवढं अंतर पट्टीने मोजायचं, दोन्ही स्क्रू आवळायचे आणि टाकाऊ तुकड्यावर एकदा चालवून बघायचं. अंतर बरोबर आलं तरच खऱ्या फळीला हात लावायचा. गाइडाची पट्टी कडेला सतत चिकटून राहिली पाहिजे; सुरुवातीला जोर पुढच्या बाजूला, संपताना मागच्या. खोल खाच एका दमात मारायची नाही. तीन वेळा, थोडी थोडी खाली उतरत. एका दमात मारली की मोटर रडते, लाकूड जळतं, आणि तू मात्र म्हणायचास की लाकूडच खराब आहे. लाकूड, मोटर, दमट हवा, गिऱ्हाईक, सगळ्यांचा दोष काढून झाला की मग तू मिस्त्रीकाकांकडे वळायचास. स्वतःपर्यंत पोचायला तुला कधी वेळच मिळाला नाही.

गोल कापायचं असेल तर कंपास. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला राउटर, मधली पट्टी म्हणजे त्रिज्या. बाबांनी शेवटच्या आजारपणात मला हे शिकवलं. उशीला टेकून बसायचे आणि पुठ्ठ्यावर पेन्सिल फिरवून दाखवायचे. तू तेव्हा खालच्या खोलीत नुसत्या हाताने नक्षी काढून गिऱ्हाइकांची वाहवा घेत होतास. तुझा हात चांगला होता, हे मी कधीच नाकारलं नाही. देवाने दिलेला हात होता. बाबांना त्याचं कौतुक होतं आणि त्याचीच धास्तीही होती, म्हणून त्यांनी मुख्य स्विचच्या वर भिंतीवर काळ्या रंगात लिहून ठेवलं होतं: "दिसलं त्याने बंद करावं." राउटर चालू असताना ओरडायचं नाही, कारण ओरडलं की चालवणारा दचकतो. चूक दिसली की सरळ स्विच बंद करायचा. मालक असो की झाडू मारणारी बाई, कोणीही करावं, आणि केल्याबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही. आपल्या वर्कशॉपात बाकी काही असेल नसेल, हा एक नियम होता.

तो मी एकदा पाळला होता. वाचनालयाच्या बाई चाळीस खुर्च्यांचं काम द्यायला आल्या होत्या आणि तू त्यांना फळीवर मोकळ्या हाताने अक्षरं कोरून दाखवत होतास. राउटरची वायर तुझ्या कोपराखालून वळून बिटाच्या वाटेत आली होती. तुला दिसत नव्हती, मला दिसत होती. मी स्विच बंद केला. "र" अर्धा राहिला, बाई हसल्या, तुझा चेहरा पडला. काम तरी आपल्यालाच मिळालं. पण संध्याकाळी तू मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात जाळ केलास आणि माझे फर्मे, आकार उतरवायचे ते लाकडी साचे, आणून एकेक करून त्यात टाकलेस. चार वर्षांत केलेले सत्तावीस फर्मे. खुर्चीच्या पाठीचा, आरशाच्या चौकटीचा, पाळण्याच्या कमानीचा, बाबांच्या देखत केलेला पहिला. प्रत्येकाची कड मी स्वतः घासून गुळगुळीत केली होती, कारण फर्म्याच्या कडेवर जो खडबडीतपणा असेल तो राउटर जसाच्या तसा लाकडावर उतरवतो. तू जाळावर हात शेकलेस आणि सगळ्यांच्या देखत म्हणालास, "यापुढे माझ्या स्विचला हात लावलास तर तुला इथून बाहेर काढीन. तोंड उघडलंस तरी." मग पांढऱ्या रंगाचा डबा आणून बाबांची ओळ पुसलीस. मिस्त्रीकाका तेवढं बोलले, "मालक, हे बरं नाही." त्यांना तू काय बोललास ते कागदावर लिहायची माझी तयारी नाही.

फर्मा कसा वापरायचा तेही मागितलं आहेस, तेव्हा तुझ्या हाताने जळलेल्या गोष्टीबद्दल तुला शिकवते. फर्मा लाकडावर घट्ट बसवायचा, राउटरच्या बुडाला बूश लावायचं, म्हणजे ती पोलादी कडी, आणि कडी फर्म्याच्या कडेला टेकवून फिरवायचं. कडीची जाडी धरून फर्मा तेवढा लहान करावा लागतो; हिशेब मी करून देईन, तुझ्याच्याने होणार नाही. किंवा टोकाला बेअरिंग असलेलं बिट घ्यायचं, म्हणजे बेअरिंग कडेवर लोळतं आणि बिट तेवढंच कापतं. वाचनालयाच्या खुर्च्यांचे हात गोल करायला तसलंच बिट मी तुझ्यापुढे ठेवलं होतं. तू म्हणालास, बेअरिंगने लाकडावर चकाकी येते, जुनं साधं लाव. मिस्त्रीकाकांनी तुझ्या सांगण्यावरून जुनं लावलं. दोन पाने घेऊन, हलवून बघून, फडक्याला हात पुसून.

आणि आता दिशा. हे मी तुला शंभरदा सांगितलं असेल आणि तू शंभरदा जांभई दिलीस. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. म्हणून लाकूड समोर ठेवून बाहेरची कड घ्यायची असेल तर राउटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. तेव्हा तो हाताला जरासा मागे रेटतो, आणि त्या रेट्यावरूनच कळतं की तो आपल्या ताब्यात आहे. उजवीकडून डावीकडे ओढला, की बिट लाकडावर चाकासारखं पळायला लागतं आणि राउटर हातातून निसटून पुढे धावतो. पुढे जे असेल ते कापत जातो. म्हणून लाकूड नेहमी क्लॅम्पने टेबलाला बांधायचं आणि दोन्ही हात राउटरवर ठेवायचे. क्लॅम्प वाटेत आला तर राउटर बंद करायचा, बिट थांबेपर्यंत थांबायचं, क्लॅम्प दुसऱ्या बाजूला लावायचा आणि पुन्हा डावीकडून सुरुवात करायची. दोन मिनिटांचं काम आहे. मी घड्याळ लावून बघितलंय, एक मिनिट पन्नास सेकंद.

तू ती दोन मिनिटं दिली नाहीस. खुर्चीच्या त्या हाताची शेवटची वीतभर कड क्लॅम्पखाली राहिली होती. तू क्लॅम्प काढून टाकलास, लाकूड डाव्या हाताने टेबलावर दाबून धरलंस आणि लहान राउटर एका हातात घेऊन, जिथे उभा होतास तिथूनच, उजवीकडून डावीकडे ओढलास. पुढचं तुला माहीत आहे. अंगठा राहिला, करंगळी राहिली. आणि दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य तू बोललास ते, "म्हाताऱ्याने बिट ढिलं ठेवलं." वहिनीने ते बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकाका स्वतःच आपली पटाशी आणि रंधा पिशवीत घालून निघून गेले. तेव्हापासून त्यांना कोणी काम दिलेलं नाही. मालकाची बोटं घालवणारा मिस्त्री कोणाला हवा असतो? चौदा महिने झाले, ते शेजारपाजारच्या बायकांच्या सुऱ्यांना धार लावून देतात.

या चौदा महिन्यांत मी काय केलं ते तू सगळ्या गावाला सांगत सुटलास. तुझी पट्टी बदलली, तुला भरवलं, वर्कशॉप सांभाळलं, चाळीस खुर्च्या वेळेवर पोचत्या केल्या. वहिनी तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की नणंद असावी तर अशी. मागच्या महिन्यात ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मी तिच्या खांद्यावरून भिंतीवरचं घड्याळ बघत उभी होते. खरं सांगू? मला ते दिवस आवडले. सकाळी कुलूप मी उघडायचे. प्रत्येक राउटरला गाइड, प्रत्येक कामाला फर्मा, आणि पांगुळगाडा म्हणायला कोणी नाही. कामगार माझ्याकडे बघून विचारायचे, "ताई, चालू करू का?" एका माणसाची अब्रू गेली म्हणून मला हे मिळालं होतं, आणि मी ते मिटक्या मारत खाल्लं.

त्या दिवशी तुला गाडीत घालून नेल्यावर वर्कशॉप मी धुतलं. सगळे दवाखान्यात होते, मी एकटी होते. तुझा राउटर टेबलाखाली पडला होता. बिट त्यात होतं. चिमटीत धरून हलवलं, हललं नाही. पकडीने ओढून बघितलं, हललं नाही. तेव्हा मी तो राउटर जसाच्या तसा लाकडी पेटीत ठेवला, वर दोन पाने ठेवले आणि पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवली. कोणाला सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर लोकांनी पुढचा प्रश्न विचारला असता, तू तेव्हा कुठे होतीस?

परवा, तुझी चिठ्ठी यायच्या आदल्या दिवशी, मी मिस्त्रीकाकांकडे गेले होते. तू परत येणार हे वहिनीने आधीच सांगितलं होतं, आणि मला ते वर्कशॉपात हवे होते. त्यांची एकच खोली आहे, खिडकीपाशी धारेचा दगड, शेजारी पाण्याचं भांडं, ओळीने मांडलेल्या लोकांच्या सुऱ्या. मी म्हटलं, काका, परत या, दादाला मी समजावते. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली नाही. म्हणाले, "ताई, तुमचा हात मी बघितला होता. जाताना बघितला आणि परत येताना पण बघितला." मी खाली बसले. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? मला वाटलं ते म्हणतील, तुमच्यावर दया आली. ते म्हणाले, "दया कसली? तुम्ही किती दिवस गप्प बसता ते बघायचं होतं. चौदा महिने बसलात. मालकापेक्षा तुमची छाती मोठी." आणि पुन्हा दगडावर सुरी घासायला लागले. मी निघाले तेव्हा त्यांनी अट सांगितली. जे झालं ते तुला लिहून द्यायचं, आणि तो कागद तुझ्या हातात तेच देणार. तू वाचत असताना त्यांना तुझं तोंड बघायचं आहे.

तरी मी लिहिलं नसतं, दादा. पेटी कपाटावर राहिली असती, काका खिडकीत राहिले असते, आणि मी आणखी चौदा महिने चांगली नणंद म्हणून मिरवले असते. पण काल तुझी चिठ्ठी आली आणि तू लिहिलंस, स्विचपाशी तूच उभी राहा. म्हणून आता सांगते. त्या दिवशीही मीच उभी होते. सरसाची बाटली टेबलावर टेकवून, मुख्य स्विचच्या शेजारी. तू क्लॅम्प काढलास ते मी पाहिलं. डावा हात लाकडावर ठेवलास, तेही पाहिलं. राउटर कुठून कुठे ओढणार ते तुझ्या कोपरावरून मला आधीच कळलं. माझा हात स्विचकडे गेला, बोट बटणाला लागलं. समोर भिंतीवर तुझा पांढरा रंग होता. मी हात मागे घेतला. तुझी बोटं जावीत असं माझ्या मनात नव्हतं. लाकूड फुटावं, सगळ्यांसमोर तुझी फजिती व्हावी, एवढंच होतं. पण तू किंचाळलास तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं, आणि रक्त नंतर दिसलं. फरशी धुऊन झाल्यावर बाटलीचा ओला गोल टेबलावर होता, तिथे मी पुन्हा उभी राहिले आणि तिथून स्विचपर्यंतचं अंतर टेपने मोजलं, तू ठेवलेल्या नावाला जागून. अकरा इंच. एवढाच हात गेला आणि एवढाच परत आला.

तुझी शिक्षा तुला मिळाली, माझी मला काय द्यायची ते तू ठरव. बाहेर काढायचं असेल तर माझी पिशवी भरलेली आहे. पण बाबांची ओळ आज सकाळी मी पुन्हा काळ्या रंगात लिहिली आहे आणि ती कोणी पुसणार नाही. सोमवारी तू आलास तर स्विचपाशी मिस्त्रीकाका उभे राहतील. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस, मी स्वतः ठेवत नाही. हा कागद ज्यांनी तुला दिला ते अजून दारात उभे असतील आणि त्यांच्या पायाशी लाकडी पेटी असेल. ती उघड. तुझा राउटर आहे, बिट त्या दिवशी होतं तसंच आत आहे, नटाला अजून कोणी पाना लावलेला नाही. किती ढिलं होतं ते तुझ्या हाताने बघ. एक पाना उजव्या हातात धर, दुसरा डाव्या अंगठ्यात आणि करंगळीत धरायचा प्रयत्न कर. तो पाना तुझ्या हातात टिकणार नाही, आणि नट सुटणार नाही. मग वर बघ, आणि दुसरा पाना धरायला काकांना विनंती कर.

तुझीच,
मोजपट्टी